मळी, रम आणि बर्जरन

औसा परिसराला ऊस परिचित आहे. त्याच्या मळीपासून होणाऱ्या रमचे मोल कोठे वाढते, हे व्हिक्टर बर्जरन यांच्या चरित्रातून उमगते. १९०२ साली सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या बर्जरन यांचा एक पाय बालपणीच क्षयामुळे गेला. १९३४ साली त्यांनी ओकलंड येथे लहानसे उपाहारगृह थाटले. ‘ट्रेडर व्हिक्स’ या नावाने पुढे त्याच्या शाखा देशोदेशी निघाल्या. १९४४ साली त्यांनी ‘माय ताय’ सिद्ध केले. कृती घरीही साधावी अशी: जमैकाची १७ वर्षे मुरलेली रम ६० मिलिलिटर, नारिंगाच्या सालीचे क्युरासाव मद्य १५ मिलिलिटर, एका कागदी लिंबाचा रस, थोडे बदामाचे सरबत, थोडा खडीसाखरेचा पाक, सारे बर्फाच्या चुऱ्यासह हलवून वर पुदिना. दोन मद्ये वगळता हे सारे मराठी स्वयंपाकघरातलेच. ती रम दुर्मिळ होताच बर्जरन यांनी निरनिराळ्या रम मिसळून चव राखली. १९८४ साली ते निवर्तले. पेय मात्र टिकले. ऊस त्यांनी पिकविला नव्हता, रमही गाळली नव्हती. त्यांची पुंजी कल्पकतेची. केवळ मळी विकून थांबणाऱ्या प्रदेशाने हा हिशेब मांडलाच पाहिजे.