चित्रकार पॉल सेझान : एका प्रदीर्घ विद्यार्थिदशेची कथा

स्मरणिकेच्या पानांतून थोरांची चरित्रे ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याची आमची प्रथा आहे. यंदा एका परदेशी चित्रकाराचे चरित्र आम्ही का निवडले, ते प्रारंभीच सांगितलेले बरे. आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे वैद्यक व स्थापत्य शिकणाऱ्यांचे अर्ज विपुल येतात. चित्रकला शिकू इच्छिणाऱ्याचा अर्ज विरळा. आला तरी पुढे पोटापाण्याचे काय, ही चिंता पालकांच्याच मुद्रेवर उमटलेली असते. ही चिंता आम्ही गैर मानीत नाही. फ्रान्समधील एका पेढीवाल्यालाही ती ग्रासून होती.

पॉल सेझान याचा जन्म दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावी १९ जानेवारी १८३९ रोजी झाला. वडील लुई ओग्युस्त हे प्रथम टोप्यांचे व्यापारी. पुढे १८४८ साली त्यांनी भागीदारीत पेढी काढली व स्वकष्टाने वैभव मिळविले. १८५७ साली, म्हणजे मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा सुरू झाली त्याच वर्षी, पॉल गावच्या चित्रशाळेत जाऊ लागला. वडिलांची इच्छा मात्र त्याने वकील व्हावे अशी होती. आज्ञाधारकपणे त्याने कायद्याचा अभ्यास आरंभिलाही. परंतु मन रमेना. अखेर १८६१ साली परवानगी मिळून तो पॅरिसला गेला, काही महिन्यांतच हताश होऊन परतला आणि पेढीवर बसला. तेथेही जीव न लागल्याने पुढील वर्षी तो पुन्हा पॅरिसला गेला, तो वडिलांनी नेमून दिलेल्या तनख्याच्या आधारावर.

पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने त्याला प्रवेश नाकारला. ‘सलाँ’ या अधिकृत प्रदर्शनाचे परीक्षक वर्षानुवर्षे त्याची चित्रे परत पाठवीत. १८८२ साली एक चित्र स्वीकारले गेले, तेही परीक्षक असलेल्या एका मित्राने त्याची आपला शिष्य म्हणून नोंद केली तेव्हा. त्या वेळी त्याचे वय त्रेचाळीस होते!

परंतु विद्यार्थी म्हणवून घेण्यात त्याला कमीपणा नव्हता. लूव्हर संग्रहालयात बसून तो जुन्या आचार्यांच्या कृतींवरून रेखाटने करी. १८७२ नंतर पाँत्वाझ येथे कामीय पिसारो या ज्येष्ठ चित्रकाराच्या सहवासात तो उघड्या निसर्गात रंगवू लागला. पिसारोच्या एका निसर्गचित्राची त्याने नक्कल केली, आणि त्याच्या चित्रांतील काळोखी जाऊन रंग उजळले. १८७४ साली पिसारो, मोने आदी मंडळींनी भरविलेल्या स्वतंत्र प्रदर्शनात त्याची चित्रे झळकली. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून या पंथाला ‘इंप्रेशनिझम’ हे नाव पडले. टीकाकारांनी मात्र सेझानची यथेच्छ टिंगल केली.

घरची स्थितीही सोपी नव्हती. ऑर्तान्स फिके या तरुणीशी १८६९ पासून त्याचा संबंध होता व १८७२ मध्ये मुलगा झाला होता. पण तनखा बंद होईल या भयाने ही गोष्ट त्याने वडिलांपासून लपविली. १८७८ साली एक पत्र वडिलांच्या हाती पडले आणि तनख्याला कात्री लागली. तेव्हा बालमित्र कादंबरीकार एमिल झोला याने त्या मायलेकरांचा भार उचलला. १८८६ च्या एप्रिलमध्ये विवाह झाला व त्याच वर्षी वडील निवर्तले. चाळिशीच्या उंबरठ्यावरील पुत्राने पित्याला इतके भ्यावे, हे आम्हांस क्लेशदायक वाटते. तथापि पित्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कलेवर विश्वास नसताही त्यांनी आधार सर्वस्वी कधी तोडला नाही. किंबहुना आपल्या नव्या वाड्याच्या दिवाणखान्याच्या भिंती त्यांनी मुलाला रंगवू दिल्या आणि वर्तमानपत्र वाचीत त्याच्यासमोर चित्रासाठी बसलेही.

इंप्रेशनिस्टांनी क्षणात पालटणारा प्रकाश टिपला; सेझानला त्या प्रकाशाखाली टिकून राहणारी वस्तूची बांधणी हवी होती. रंगाचे लहान लहान पट्टे एकाशेजारी एक ठेवून तो सफरचंदाची गोलाई आणि डोंगराचे वजन उभे करी. त्याच्या स्थिरचित्रांत पुष्कळदा मेजाची कड कापडाच्या एका बाजूस वर, तर दुसऱ्या बाजूस खाली दिसते. ही चूक नव्हे. माणूस एकाच जागी डोळा खिळवून पाहत नाही, हे त्याने चित्रात आणले. सेंट व्हिक्तवार हा गावाजवळचा एकच पर्वत त्याने जन्मभर पुनःपुन्हा रंगविला.

१८९५ साली व्होलार या व्यापाऱ्याने पॅरिसमध्ये त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरविले, तेव्हा त्याने छप्पन वर्षे पूर्ण केली होती. ऑक्टोबर १९०६ मध्ये उघड्यावर रंगवीत असता पावसात सापडून तो कोसळला आणि थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. पुढील वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचे मोठे स्मृतिप्रदर्शन भरले. पिकासो व ब्राक यांनी त्याच्यापासून घेतलेल्या धड्यांतूनच ‘क्यूबिझम’ उदयास आला.

हा प्रवाह आपल्या दारापर्यंतही पोहोचला. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधील सय्यद हैदर रझा यांना छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी काश्मीरमध्ये भेटले असता सेझानचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. चित्रात बांधणी हवी, हे त्या सल्ल्याचे सार होते. १९५० साली रझा पॅरिसला गेले, आणि पुढे त्यांचे नाव जगभर झाले.

प्रत्येक चित्रकार सेझान होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जो होतो तोही तिशीत ओळखू येत नाही, हे या चरित्रावरून दिसते. म्हणून आमचे पालकांस विनम्र सांगणे इतकेच : मुलाच्या हातातील कुंचल्याचे मोल आपणांस कळले नाही तरी चालेल; घरातील एक भिंत त्याला रंगवू द्यावी, आणि आपल्याला भिऊन काही लपविण्याची पाळी त्याच्यावर येऊ देऊ नये.