शिल्डमागचा माणूस : ऑलिव्हर हेविसाईड

एम-थ्रीला लाप्लास ट्रान्सफॉर्ममध्ये युनिट स्टेप फंक्शन येतं. त्याला हेविसाईडचं नाव आहे, एवढं आपल्या सगळ्यांना माहीत असतं. प्रॉब्लेम सुटला की नाव विसरायचं, विषय संपला! पण इलेक्ट्रिकलवाल्यांनी तरी त्याला विसरू नये. कारखान्यात मोटरच्या व्हीएफडी ड्राइव्हचं वायरिंग करताना जी काळजी घ्यावी लागते, तिच्यातलं बरंचसं या माणसाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कागदावर मांडून ठेवलं होतं.

ऑलिव्हरचा जन्म १८ मे १८५० चा, लंडनच्या कॅम्डेन टाऊनमधला. घरची गरिबी, त्यात लहानपणी स्कार्लेट फीव्हर होऊन कानांनी कमी ऐकू येऊ लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलंच नाही (सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना हे जरा टोचेल). मावशीचे यजमान म्हणजे आपल्या व्हीटस्टन ब्रिजचे सर चार्ल्स व्हीटस्टन. त्यांच्यामुळे टेलिग्राफशी ओळख झाली आणि डेन्मार्क व न्यूकॅसलला ऑपरेटरची नोकरी मिळाली. १८७४ साली ती सोडली आणि नंतर जन्मभर दुसरी धरली नाही. आईवडिलांच्या घरी खोलीचं दार लावून तो मॅक्सवेलचा ग्रंथ वाचत बसला. मॅक्सवेलची समीकरणं आपण ज्या चार ओळींत घोकतो, ते रूप त्यातूनच आलं.

टेलिफोन तेव्हा नुकताच आला होता. शेजारून टेलिग्राफची तार गेली की फोनमध्ये तिची खडखड ऐकू यायची. १८८० मध्ये हेविसाईडने त्यावर पेटंट घेतलं : जाणारी तार आत, आणि परतीचा कंडक्टर नळीसारखा तिच्याभोवती. दोन्हींतले करंट सारखे आणि उलट दिशेचे, त्यामुळे बाहेर मॅग्नेटिक फील्ड उरतच नाही. हीच कोॲक्सियल केबल.

ड्राइव्हमध्ये भानगड तीच, फक्त वेग भयंकर. आयजीबीटी एका मायक्रोसेकंदाच्या आत पाचशे-सहाशे व्होल्टची उडी मारतो. त्या धक्क्याने केबलच्या आणि मोटरच्या कपॅसिटन्समधून करंट अर्थकडे निसटतो आणि मिळेल त्या वाटेने ड्राइव्हकडे परततो. ती वाट सेन्सरच्या वायरीतून गेली की पीएलसीवरचं रीडिंग नाचायला लागतं. म्हणून मोटरची केबल शिल्डवाली घ्यायची, शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ करायचं, म्हणजे करंटला परतायला अगदी जवळची वाट मिळते. सिग्नलच्या केबल लांब ठेवायच्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

आणि शिल्डच्या तारा पिळून, शेपटी करून टर्मिनलला जोडायच्या नाहीत! दिसायला ते छान दिसतं, पण हाय फ्रिक्वेन्सीला त्या वीतभर शेपटीचा इंडक्टन्स अडवतो. क्लॅम्पने शिल्ड चहूबाजूंनी पकडलं पाहिजे. अर्थसाठीही गोल वायरपेक्षा चपटी विणलेली पट्टी बरी, कारण हा करंट पृष्ठभागावरूनच वाहतो. तारांमधला हा स्किन इफेक्ट १८८५ मध्ये उलगडून दाखवणारा हेविसाईडच. इंडक्टन्स आणि इम्पीडन्स हे शब्दही त्याचेच.

याच इंडक्टन्सने त्याला छळलं. १८८७ मध्ये त्याने गणिताने दाखवलं, की लाइनचा इंडक्टन्स मुद्दाम वाढवला तर लांबवर बोलणं स्पष्ट ऐकू येईल. पोस्ट ऑफिसचे बडे अधिकारी विल्यम प्रीस नेमकं उलट मानत. भाऊ आर्थर त्यांच्याच खात्यात नोकरीला. दोघा भावांनी मिळून लिहिलेला पेपर प्रीसनी अडवला. पुढे १९०० मध्ये अमेरिकेत प्युपिनला लोडिंग कॉइलचं पेटंट मिळालं, एटी अँड टी कंपनीने ते विकत घेतलं, प्युपिन श्रीमंत झाला. हेविसाईडला त्यातली दमडी मिळाली नाही. १८९६ पासून मित्रांच्या खटपटीने मिळालेलं वर्षाला १२० पौंडांचं सरकारी पेन्शन, तेवढाच आधार. माझ्या मते प्रीसचा गुन्हा गणित न कळणं हा नव्हता. ते कितीतरी जणांना कळत नव्हतं. ज्याला कळत होतं त्याचं तोंड बंद करणं, हा होता.

१९०८ मध्ये तो टॉर्कीला राहायला गेला. तिथे गॅस कंपनीशी बिलावरून भांडणं चालायची. १९२२ मध्ये विद्युत इंजिनियरांच्या ब्रिटिश संस्थेने आपलं पहिलंवहिलं फॅरेडे मेडल त्याला दिलं, आणि ते द्यायला अध्यक्ष स्वतः टॉर्कीला त्याच्या घरी गेले. ३ फेब्रुवारी १९२५ ला तिथेच तो वारला.