गवई मास्तर झाला, त्याची गोष्ट

पालेगावात राहत असाल, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. नवी सोसायटी उभी राहिली की पाठोपाठ शिकवण्यांचे बोर्ड लागतात. अबॅकस, कथ्थक, गिटार, कीबोर्ड. तुमच्यापैकी कुणी पियानोच्या दोन-चार ग्रेड दिल्या असतील, कुणी हार्मोनियमची मध्यमा. बिल्डिंगमधल्या पोरांना शिकवावं, कॉलेजचा खर्च सुटेल, असं मनात येतंही. आणि घरून प्रश्न येतो : ते ठीक आहे, पण पोटापाण्याचं काय?

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुणासमोर होता, आणि तोही कितीतरी अवघड रूपात. त्याचं नाव विष्णू दिगंबर पलुस्कर.

जन्म 18 ऑगस्ट 1872, कुरुंदवाड संस्थानातला. वडील कीर्तनकार. लहानपणी चेहऱ्याजवळ फटाका फुटला आणि डोळे जवळजवळ गेले. उपचारांसाठी मुलाला मिरजेला नेलं. शाळा-अभ्यास आता जमणार नव्हता, पण गळा चांगला होता. मग त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे हेच ते बुवा.

तेव्हाचं शिकणं म्हणजे काय, हे समजून घ्या. फी नाही, वेळापत्रक नाही, पुस्तक नाही. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू देतील तेव्हा, देतील तेवढं घ्यायचं. विष्णूने वर्षानुवर्षं हे केलं. गाणं उत्तम आलं. पण गवयाला समाजात मान नव्हता. असं सांगितलं जातं, की मिरजेतल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णूला होतं, पण त्याच्या गुरूंना नव्हतं, कारण ते गवई. ही गोष्ट त्याला फार लागली.

1896 मध्ये त्याने मिरज सोडली. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा फिरत गेला. सौराष्ट्रात तर त्याने तिकीट लावून जाहीर मैफल केली. गाणं ऐकायचं तर राजाच्या ओळखीचं असायला हवं, ही अटच त्याने काढून टाकली. एखाद्या दरबारात तो सहज स्थिरावला असता. पण 5 मे 1901 रोजी, वयाच्या 28व्या वर्षी, त्याने लाहोरमध्ये गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. कुठल्या संस्थानिकाच्या आश्रयावर नाही, तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या कमाईवर.

सुरुवातीला विद्यार्थी येईनात. पलुस्कर ठरल्या वेळेला वर्गात बसायचे आणि एकटेच रियाज करायचे. हळूहळू मुलं आली, बायकाही शिकायला येऊ लागल्या. त्या काळात घरंदाज बाईने गाणं शिकणं म्हणजे बदनामीच. म्हणून शाळेतलं वातावरण, शिस्त, भजनांची निवड, सगळं ते डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे.

आता यातला कामाचा भाग बघा. पियानोवाल्यांची सोय आधीच झाली होती. त्यांच्याकडे छापलेली स्वरलिपी होती आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने 1877 पासून परीक्षाही सुरू केल्या होत्या. आपल्या गाण्यात वर्गाला पुरेल असं यातलं फारसं काही तयार नव्हतं. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, लहान मुलांसाठी ‘संगीत बालप्रकाश’सारखी पुस्तकं काढली, अभ्यासक्रम आणि परीक्षा आखल्या. शिवाय उपदेशक वर्ग काढला. तिथे निवडक मुलांना राहण्या-जेवणाची सोय करून शिकवायचे, ते पुढे शिक्षक व्हावेत म्हणून. चांगलं गाता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे त्यांना पक्कं कळलं होतं.

टीका झालीच. वर्गात बसून, पुस्तकातून कधी गवई तयार होतो का? प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण प्रत्येक जण मोठा गायक व्हावा असा त्यांचा हट्टच नव्हता. चांगले ऐकणारेही घडायला हवे होते.

1908 मध्ये मुंबईत शाळा आली. सँडहर्स्ट रोडला कर्ज काढून इमारत बांधली. विद्यार्थी पोसायचे, इमारतीचे हप्ते भरायचे, त्यासाठी मैफलींचे दौरे करायचे. गणित जुळलं नाही. शेवटी इमारतीचा लिलाव झाला. पलुस्कर नाशिकला गेले, रामनामात रमले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत वारले. जिथे शिकले, तिथेच.

म्हणजे माणूस हरला? त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या तुमच्या ओळखीच्या परीक्षा त्याच मंडळाच्या. विनायकराव पटवर्धनांनी 1932 मध्ये पुण्यात विद्यालय काढलं. बी. आर. देवधरांनी मुंबईत 1925 मध्येच शाळा सुरू केली होती; त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला आणि कुमार गंधर्वांना घडवलं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात संगीत शिकवायला गेले. आणि पलुस्करांचा स्वतःचा मुलगा, दत्तात्रेय? वडील गेले तेव्हा तो जेमतेम दहा वर्षांचा होता. त्याला शिकवलं ते वडिलांच्या शिष्यांनीच, पटवर्धन आणि नारायणराव व्यासांनी. तो पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून गाजला.

तेव्हा क्लास काढायचा असेल, तर या आयुष्यातून सरळ काही घेता येईल. पहिल्या महिन्यात दोनच पोरं आली, तरी वेळ पाळा आणि रिकाम्या तासाला स्वतः वाजवत बसा. सहा वर्षांच्या मुलाला काय शिकवायचं आणि साठीच्या आजोबांना काय, हे आधी वहीत लिहून काढा. फी सांगताना लाजू नका, आणि हिशोब पहिल्या दिवसापासून ठेवा; तिथे पलुस्करांचाही पाय घसरला होता. आणि एखादं पोर चांगलं तयार झालं, तर त्याला धाकट्यांना शिकवायला बसवा. पलुस्करांची इमारत गेली, पण शाळा टिकली ती अशाच पोरांमुळे.