रमाबाई रानडे : स्वतःच्या नावाची तेवीस वर्षे

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, ही रमाबाईंची ओळख महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. कुर्लेकरांची अकरा वर्षांची यमुना लग्न होऊन पुण्यात आली आणि पतीच्या हाताखाली शिकत गेली, ही कथा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकाने अजरामर केली. २०१२ साली छोट्या पडद्यावर आलेल्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेमुळे ती नव्या पिढीच्याही परिचयाची झाली. मात्र ते पुस्तक न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. त्यानंतर रमाबाई आणखी तेवीस वर्षे जगल्या आणि त्यांचे स्वतःचे म्हणावे असे कार्य प्रामुख्याने याच काळात उभे राहिले. नोकरी-व्यवसायात जबाबदारी पेलणाऱ्या आजच्या स्त्रीला रमाबाईंकडून काही घ्यावयाचे असेल, तर ते या उत्तरार्धातच सापडेल.

अर्थात या उत्तरार्धाची तयारी पूर्वार्धात झाली होती. रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आताच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावचा. १८७३ च्या अखेरीस त्यांचा विवाह झाला तेव्हा न्यायमूर्ती एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनी पत्नीच्या शिक्षणाला लगेचच प्रारंभ केला. आधी मराठी, मग इंग्रजी, असा हा अभ्यास पुढे वर्षानुवर्षे चालला.

या शिक्षणाची किंमत रमाबाईंनाच मोजावी लागली. दिवसभर वावरायचे होते ते घरातील वडीलधाऱ्या बायकांमध्ये आणि सुनेने पुस्तक हाती धरणे त्यांना मुळीच रुचत नव्हते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या आर्य महिला समाजाच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या तेव्हा घरातील रोष आणखी वाढला. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून भरलेल्या सभेत त्यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत निवेदन वाचले. सभेत वाहवा झाली आणि घरी टोमण्यांचा भडिमार! रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही, पतीकडे गाऱ्हाणे नेले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. विरोध करणाऱ्यांशी नाते न तोडता आपले काम चालू ठेवण्याची ही सवय पुढे त्यांचे मोठे भांडवल ठरली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे मुंबईत निधन झाले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. त्या पुण्यातील वाड्यात परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला जगापासून दूर ठेवले. घराबाहेर पडल्या तेव्हा त्यांनी सभा-संमेलनांची वाट धरली नाही. त्या येरवड्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या. त्यांच्याजवळ बसावे, चार गोष्टी वाचून दाखवाव्यात, त्यांचे सुखदुःख ऐकून घ्यावे, एवढेच त्या कामाचे स्वरूप होते. आजवर घरात ऐकून घेणारी स्त्री आता समाजाने टाकलेल्यांचे ऐकून घेत होती. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत ‘सेवासदन’ची स्थापना केली व अध्यक्षपद रमाबाईंना दिले. पुढच्याच वर्षी पुण्याचे सेवासदन सुरू झाले. त्यासाठी जागा दिली रमाबाईंनी, स्वतःच्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखा कसलेला कार्यकर्ता त्यांच्या जोडीला होता. ज्या वाड्यात सुनेच्या हाती पुस्तक दिसणे अपराध ठरत होते, तिथेच आता परक्या घरच्या लेकीसुना शिकू लागल्या. अध्यापिका घडविणारे महाविद्यालय, वैद्यकीय विद्यार्थिनींचे आणि शिकाऊ परिचारिकांचे वसतिगृह असा पुढे संस्थेचा विस्तार झाला.

यात सर्वांत अवघड होते परिचारिकांचे काम. परपुरुषाला स्पर्श, सोवळ्या-ओवळ्याचा भंग, रात्रपाळी; पांढरपेशा घरांना हे सारे निषिद्ध वाटत होते. पण तरुण विधवांपुढे दुसरा मार्ग कोणता होता? माहेरी किंवा सासरी आश्रित म्हणून राबणे, एवढाच. त्यांच्या हाती स्वतःची कमाई यावी, हा रमाबाईंचा हेतू होता. स्वतः रमाबाईंची राहणी साधी आणि परंपरेला धरून होती. त्यामुळे सुधारकांना वचकून असणारी कुटुंबेही आपल्या मुली त्यांच्या हवाली करीत. क्रांतीची भाषा न बोलता त्यांनी स्त्रियांना घराच्या उंबरठ्याबाहेर आणून पगाराच्या कामाला लावले.

सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. केशवपन केलेली, साधे लुगडे नेसलेली एक विधवा विद्यार्थिनी बक्षीस घेण्यासाठी व्यासपीठावर आली. सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. समारंभ संपत आला तेव्हा एरवी मृदू बोलणाऱ्या रमाबाई संतापाने उभ्या राहिल्या. रूढीने जिचे हे रूप केले तिलाच हसणाऱ्यांनी स्वतःला सुशिक्षित म्हणवून घ्यावे काय, असा जाब त्यांनी त्या तरुणांना विचारला आणि या मुलीच्या जागी आपली बहीण डोळ्यांसमोर आणा, असे सुनावले. सभागृह स्तब्ध झाले. घरातील बायकांनी केलेला स्वतःचा अपमान निमूटपणे गिळणाऱ्या रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनीचा अपमान क्षणभरही सहन केला नाही. कोठे गप्प राहायचे आणि कोठे बोलायचे, याचा विवेक त्यांना पुरता साधला होता.

उतारवयात हा आवाज अधिकच स्पष्ट झाला. १९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न ऐरणीवर आला. ही सक्ती आधी मुलांपुरती असावी, मुलींचे नंतर पाहू, असे म्हणणारा प्रबळ गट शहरात होता. रमाबाईंनी मुलींच्या बाजूने स्त्रियांना संघटित केले व त्या रस्त्यावर उतरल्या. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या. १९२१ साली मुंबई विधिमंडळाने हा अधिकार मान्य केला. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले.

नेतृत्वगुण उपजत असावे लागतात, असा एक समज आहे. रमाबाईंचे चरित्र त्याला दुजोरा देत नाही. त्यांनी अक्षरे गिरविली लग्नानंतर, इंग्रजी शिकल्या संसार सांभाळून आणि संस्थेची धुरा घेतली ती पन्नाशीच्या उंबरठ्यावर. उशीर झाला, असे त्यांनी मानले नाही. न्यायमूर्तींनी त्यांना शिकविले, हे खरेच. पण ते शिक्षण वाड्याबाहेरच्या शेकडो स्त्रियांपर्यंत नेण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. आज रुग्णालयात रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या मराठी परिचारिकेकडे कोणी वळूनही पाहत नाही. तिचे काम इतके सर्वमान्य झाले, यात रमाबाईंच्या त्या तेवीस वर्षांचा वाटा मोठा आहे.