जागा आधी, खेळाडू नंतर

घाटकोपरहून मेट्रो पकडून आझादनगरला उतरलात, की अंधेरीचं शहाजी राजे क्रीडा संकुल चालत जाण्याइतकं जवळ आहे. मुंबई सिटी एफसीचं हे घरचं मैदान. मॅचच्या दिवशी मेट्रोच्या डब्यात निळ्या जर्सी दिसतात आणि ट्रान्सफर विंडो उघडली की त्याच जर्सीवाल्यांच्या ग्रुपवर एकच विषय असतो. यंदा कोण येणार, कोण जाणार आणि कोणावर किती पैसे उडवले? प्रत्येकाची लिस्ट तयार असते. तुमचीही असेलच.

ही लिस्ट कशी करायची, हे जवळपास शंभर वर्षांपूर्वी एका माणसानं करून दाखवलंय. हर्बर्ट चॅपमन त्याचं नाव. आर्सेनलचे फॅन असाल तर त्याचा पुतळा फोटोत तरी पाहिला असेल. एमिरेट्स स्टेडियमच्या बाहेर तो आजही मैदानाकडे बघत उभा आहे. १९३४ मध्ये गेलेल्या या मॅनेजरची गोष्ट वाचा आणि मग आपल्या लिस्टकडे पुन्हा एकदा बघा.

खाणीच्या गावातला मुलगा

चॅपमनचा जन्म १९ जानेवारी १८७८ चा, यॉर्कशायरमधल्या किव्हेटन पार्क या गावातला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. मुलगा हुशार निघाला, त्यानं खाण अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. सोबत फुटबॉल चालूच होता, पण खेळाडू म्हणून तो बेताचाच. या क्लबमधून त्या क्लबमध्ये फिरत राहिला. टॉटनहॅमकडून खेळताना गोलांपेक्षा पिवळ्या बुटांमुळे तो लोकांच्या जास्त लक्षात राहिला.

१९०७ मध्ये नॉर्दम्प्टन टाउननं त्याला खेळाडू आणि मॅनेजर अशी दुहेरी जबाबदारी दिली. दोन वर्षांत या टीमनं सदर्न लीग जिंकली. तिथून १९१२ मध्ये तो लीड्स सिटीला गेला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि चॅपमन दारूगोळ्याच्या कारखान्यात व्यवस्थापक झाला.

युद्ध संपल्यावर आक्रीत घडलं. युद्धकाळात खेळाडूंना नियमाबाहेर पैसे दिल्याचा आरोप लीड्स सिटीवर झाला. क्लबनं हिशेबाच्या वह्या दाखवायला नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये क्लब लीगमधून बाहेर फेकला गेला आणि त्याच्या खेळाडूंचा एका हॉटेलात चक्क लिलाव झाला. आपण आयपीएलचा लिलाव पॉपकॉर्न खात बघतो, पण इथे लिलावाला उभ्या असलेल्यांना कोणी विचारलंही नव्हतं. चॅपमनवरही बंदी आली. चाळिशी ओलांडलेला हा माणूस सेल्बीच्या एका तेल गिरणीत नोकरी करू लागला. फुटबॉलमधलं त्याचं करिअर संपलं, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

त्याला परत आणलं हडर्सफील्ड टाउननं. वादातले पैसे दिले गेले तेव्हा चॅपमन क्लबमध्ये नव्हताच, कारखान्यात होता, हा मुद्दा पुढे आला आणि बंदी उठली. १९२१ मध्ये तो हडर्सफील्डचा मॅनेजर झाला.

पहिला धडा : म्हातारा घोडा

हडर्सफील्ड म्हणजे रग्बीवाल्यांचं गाव. फुटबॉलला गर्दी नाही, खजिन्यात फार पैसा नाही. अशा क्लबसाठी निवडलेला खेळाडू होता ॲस्टन व्हिलाचा क्लेम स्टीफन्सन, वय ३१. लोकांच्या मते त्याचे चांगले दिवस सरले होते. पण टीममध्ये पळणारी तरुण पोरं होती. कधी पळायचं आणि कधी थांबायचं, हे मैदानावर सांगणारा मात्र कोणी नव्हता. ती जागा रिकामी होती आणि त्या जागेला वय आडवं येत नव्हतं.

१९२२ मध्ये हडर्सफील्डनं एफए कप जिंकला. १९२४ आणि १९२५ मध्ये सलग दोनदा लीग जिंकली. १९२६ मध्ये तिसऱ्यांदाही जिंकली, पण तोवर चॅपमन लंडनला पोचला होता.

एका नियमानं बदललेलं गणित

१९२५ च्या उन्हाळ्यात तो आर्सेनलमध्ये आला. आदल्या सीझनमध्ये हा क्लब २२ टीमच्या लीगमध्ये विसावा आला होता. तोवर एकही मोठी ट्रॉफी त्याच्या नावावर नव्हती.

पहिली खरेदी होती संडरलँडचा चार्ली बकन, वय ३३. किमतीवरून घासाघीस झाली आणि एक मजेशीर सौदा ठरला. दोन हजार पौंड आत्ता, शिवाय पहिल्या सीझनमध्ये प्रत्येक गोलमागे शंभर पौंड. बकननं लीग आणि कप मिळून २१ गोल केले. म्हणजे संडरलँडला एकूण ४,१०० पौंड मिळाले. आजच्या करारांत परफॉर्मन्स बोनसची जी कलमं असतात, त्यांचा हा पणजोबाच म्हणा ना.

त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पास मिळताना आघाडीच्या खेळाडूपुढे प्रतिस्पर्धी टीमचे तिघं असावे लागत, आता दोघं पुरेसे झाले. गोलांचा पाऊस सुरू झाला. ३ ऑक्टोबर १९२५ ला न्यूकॅसलनं आर्सेनलला सात गोलांनी धुतलं. बकननं त्यावर एक उपाय सुचवला. मैदानाच्या मध्यात खेळणाऱ्या सेंटर हाफला मागे ओढायचं आणि दोन बचावपटूंच्या मधोमध उभं करायचं. चॅपमननं ऐकलं. पुढच्याच मॅचला आर्सेनलनं वेस्ट हॅमला चार गोलांनी हरवलं.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण चॅपमनची सगळी ट्रान्सफर नीती इथून निघाली. एक माणूस मागे गेला, म्हणजे मध्ये खड्डा पडला. तो कोण भरणार? मागून आलेला बॉल पुढे कोण नेणार? विंगर फक्त कडेनं पळणार, की आत घुसून गोलही मारणार? या प्रत्येक प्रश्नासाठी त्यानं एकेक माणूस शोधला, आणि त्यासाठी त्यानं वर्षानुवर्षं वाट पाहिली.

मागे उभं राहायला हर्बी रॉबर्ट्स आणला, ऑस्वेस्ट्री नावाच्या छोट्या क्लबमधून, अवघ्या २०० पौंडांत. त्याला ड्रिबलिंग फारसं जमत नव्हतं. पण उंच होता, हेडिंग पक्कं होतं आणि जागा सोडायचा नाही. डावीकडच्या बचावाला केटरिंगहून एडी हॅपगूड आणला, हजार पौंडांच्या आत. तो पुढे इंग्लंडचा कॅप्टन झाला.

डाव्या विंगेला आला क्लिफ बॅस्टिन, १९२९ मध्ये, एक्झेटरहून, वय १७. चॅपमन ती मॅच बघायला गेला होता तो वॉटफर्डच्या एका दुसऱ्याच खेळाडूसाठी. नजर मात्र अडकली या पोरावर. १९३२-३३ च्या लीगमध्ये बॅस्टिननं विंगेवरून ३३ गोल मारले.

आणि जिथे खरंच गरज होती, तिथे चॅपमननं हात आखडता घेतला नाही. बकन रिटायर झाल्यावर १९२८ मध्ये बोल्टनचा डेव्हिड जॅक आणला. बोल्टननं १३ हजार पौंड मागितले होते. शेवटी रक्कम ११ हजारांच्या जरा आत आली, तरी १० हजारांचा आकडा ओलांडणारी ही पहिलीच ट्रान्सफर ठरली. चॅपमनच्या ऑफिसात काम करणारा बॉब वॉल या सौद्याची गंमत नंतर सांगायचा. हॉटेलातल्या वेटरला आधीच सांगून ठेवलं होतं, की पाहुण्यांच्या ग्लासात डबल आणि चॅपमनच्या ग्लासात दारूचा थेंबही नाही.

खड्डा भरणारा माणूस होता प्रेस्टनचा ॲलेक्स जेम्स, किंमत ८,७५० पौंड. मोठी अडचण पगाराची होती. नियमानुसार कोणालाही आठवड्याला आठ पौंडांपेक्षा जास्त देता येत नव्हते. मग सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात त्याला वर्षाला २५० पौंडांची नोकरी मिळाली. हे वाचून आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या फुटबॉलपटूला हसू येईल. मुंबईत कित्येक वर्षं ट्रान्सफर म्हणजे नोकरीच होती. टाटा, रेल्वे, बँका खेळाडूला कामावर घेत आणि तो त्यांच्या टीमकडून खेळे. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा टाटांच्या टीमचा होता. वांद्र्याच्या टर्फला त्याचंच नाव आहे.

प्रेस्टनमध्ये जेम्स धडाधड गोल करायचा. आर्सेनलमध्ये त्याचे गोल कमी झाले, कारण त्याचं काम बदललं होतं. तो पास द्यायचा आणि गोल जॅक, बॅस्टिन मारायचे. सुरुवातीला जमलं नाही, टीका झाली, पण चॅपमन थांबला. १९३० मध्ये आर्सेनलनं पहिला एफए कप जिंकला, तोही हडर्सफील्डला हरवून. १९३१ मध्ये लीग जिंकली, १२७ गोल करून. १९३३ मध्ये पुन्हा लीग.

हेच अंधेरीत घडलं

आता आपल्या मुंबई सिटीकडे बघा. २०१४ च्या पहिल्या सीझनमध्ये युंगबर्ग आणि अनेल्का अशी पोस्टरवरची नावं होती. आठ टीममध्ये आपण सातवे आलो. पुढे फोर्लान आला, लीगमध्ये वरही गेलो, पण कप हुकला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. २०२० मध्ये एफसी गोवाचा माजी कोच सर्जिओ लोबेरा आला. त्याच्यासोबत गोव्याकडून खेळलेले चार जण आले. मुर्तदा फॉल बचावाला, अहमद जाहू मध्यात, ह्युगो बुमू पुढे आणि मंदार राव देसाई डावीकडे. कोचला त्यांचा खेळ पाठ, त्यांना एकमेकांचा. आधीपासून टीममध्ये असलेल्या बिपीन सिंगला हात लावला नाही. त्या सीझनच्या सगळ्या मॅच कोरोनामुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये झाल्या. १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये ९० व्या मिनिटाला गोल केला तो याच बिपीननं. लीग शील्ड आणि कप, दोन्ही अंधेरीला आले.

कडू बाजू

चॅपमनला देव्हाऱ्यात बसवायची मात्र गरज नाही. १४ जानेवारी १९३३ ला खालच्या डिव्हिजनच्या वॉल्सॉलनं आर्सेनलला एफए कपमधून २-० असं बाहेर काढलं. मुख्य खेळाडू नव्हते म्हणून राखीव पोरं खेळली होती. पेनल्टी देऊन बसलेल्या टॉमी ब्लॅकला आठवड्याभरातच प्लिमथला विकलं. एका मॅचची चूक आणि गाव बदललं. त्या काळी करार संपला तरी क्लबच्या परवानगीशिवाय खेळाडूला दुसरीकडे जाता येत नव्हतं. युरोपात हे बंधन सुटायला १९९५ चा बोस्मन निकाल यावा लागला.

नवे खेळाडू शोधायचा नाद मात्र चॅपमनला शेवटपर्यंत होता. जानेवारी १९३४ च्या सुरुवातीला सर्दी झालेली असताना तो तीन दिवस मॅच बघत फिरला. शेवटची मॅच गिल्डफर्डला, आर्सेनलच्या तिसऱ्या टीमची. न्यूमोनिया झाला आणि ६ जानेवारीला तो गेला. वय ५५. त्याच्या टीमनं ती लीगही जिंकली आणि पुढचीही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंड इटलीविरुद्ध उतरलं, तेव्हा अकरापैकी सात जण आर्सेनलचे होते.

तुमच्या लिस्टसाठी

पुढच्या विंडोत नाव सुचवण्याआधी स्वतःला एवढं विचारा. टीममध्ये रिकामी जागा कोणती? तिथे नेमकं काम काय? त्याला पास कोण देणार? आणि त्याच्यासाठी बाहेर कोण जाणार? उत्तरं आली, की वय आणि किंमत यांचा हिशेब आपोआप जुळायला लागतो.

आणि बोरिवलीत किंवा मुलुंडमध्ये सकाळी सहाला बूट बांधून ट्रायलला जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही यात काहीतरी आहे. निवड झाली नाही, तर कोचला विचारा, कोणत्या जागेसाठी बघत होता. कदाचित तुमची जागा आधीच भरलेली असेल, आणि दुसऱ्या टीमला तुमच्यासारखाच हवा असेल. तोवर समोरची मॅच नीट खेळा. बॅस्टिनला बघायला कोणीच आलं नव्हतं.