मोराच्या पिसाऱ्याचे कोडे आणि चार्ल्स डार्विन

नवी दिल्ली, १२ फेब्रुवारी : उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारे थोर निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांची आज जयंती. जगण्याच्या धडपडीतून सजीवांच्या जाती कशा घडतात, हे सांगणारे संशोधक म्हणून जग त्यांना ओळखते. मात्र, प्राणी जोडीदार कसा निवडतात आणि त्यासाठी आपसांत का झुंजतात, या प्रश्नानेही त्यांना आयुष्यभर गुंतवून ठेवले होते. त्यांनी दिलेले उत्तर माणसाला कितपत लागू पडते, हा वाद आजही मिटलेला नाही.

इंग्लंडमधील श्रूझबरी येथे १८०९ मध्ये एका सधन डॉक्टरांच्या घरी डार्विन यांचा जन्म झाला. आठव्या वर्षी ते आईला पारखे झाले. वडिलांच्या इच्छेनुसार ते एडिंबरो येथे वैद्यक शिकू लागले. पण तेथे मन न रमल्याने पुढे धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशाने त्यांना केंब्रिजला पाठविण्यात आले. डिसेंबर १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून ते निघाले आणि जवळपास पाच वर्षांनी परतले. या प्रवासात ब्राझीलमधील गुलामांचे हाल पाहून त्यांचे मन विटले. गुलामगिरीच्या प्रश्नावरून जहाजाचे कप्तान फिट्झरॉय यांच्याशी त्यांचा खटकाही उडाला. सर्व मानववंश एकाच मूळ कुळातून आले आहेत, या त्यांच्या पुढील प्रतिपादनाला या अनुभवाची पार्श्वभूमी होती.

१८३८ मध्ये डार्विन स्वतःच जोडीदाराच्या विचारात पडले. त्यांनी एका कागदावर लग्नाचे फायदे आणि तोटे समोरासमोर लिहून काढले. एका बाजूला म्हातारपणीची सोबत आणि मुलेबाळे, तर दुसऱ्या बाजूला पुस्तकांसाठी कमी पडणारा पैसा आणि वाया जाणारा वेळ, असा तो हिशेब होता. अखेर कौल लग्नाच्या बाजूने पडला आणि जानेवारी १८३९ मध्ये मामेबहीण एमा वेजवूड यांच्याशी ते विवाहबद्ध झाले.

या दांपत्याला दहा अपत्ये झाली; त्यांतील तीन बालपणीच दगावली. दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी १८५१ मध्ये गेली, तो घाव कधीच भरून आला नाही. जवळच्या नात्यातील विवाहामुळे तर मुलांची प्रकृती नाजूक झाली नसावी ना, ही शंका डार्विन यांना छळत राहिली. १८७१ च्या जनगणनेत अशा विवाहांची नोंद व्हावी, यासाठी त्यांनी खासदार जॉन लबक यांच्यामार्फत प्रयत्न केला. परंतु संसदेने ती सूचना फेटाळली. पुढे त्यांचे पुत्र जॉर्ज यांनी या विषयाचा अभ्यास केला आणि दुष्परिणाम असलेच तर ते अल्प असावेत, असा निष्कर्ष काढला.

‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले. नैसर्गिक निवडीच्या सिद्धांतापुढे एक अडचण मात्र उभी होती. पुढे भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरलेल्या मोराचा पिसारा जगण्यासाठी उपयोगाचा नाही, उलट तो ओझेच आहे. मग तो निर्माण कसा झाला? मोराचे पीस पाहिले की आपल्याला मळमळते, असे डार्विन यांनी १८६० मध्ये एका मित्राला कळविले होते.

याचे सविस्तर उत्तर १८७१ मधील ‘डिसेंट ऑफ मॅन’ या दोन खंडांच्या ग्रंथात आले. त्यांनी त्याला लैंगिक निवड म्हटले आणि तिचे दोन मार्ग सांगितले. मादीसाठी नर एकमेकांशी झुंजतात, त्यातून हरणाची शिंगे आणि कोंबड्याच्या आऱ्या विकसित होतात. दुसऱ्या मार्गात मादी पारखून नर निवडते. पिढ्यान्पिढ्यांच्या लांडोरींच्या पसंतीतून मोराचा पिसारा फुलत गेला. पुरुषाचा थोराड बांधा आणि भांडखोरपणा यांचे मूळही त्यांनी पूर्वजांच्या अशा झुंजींत शोधले.

मादीच्या पसंतीला एवढे सामर्थ्य देणे समकालीनांना मानवले नाही. नैसर्गिक निवडीचे सहसंशोधक आल्फ्रेड वॉलेस यांनीही ते नाकारले. विशेष म्हणजे, पक्ष्यांत मादीला निवडीचा अधिकार देणारे डार्विन माणसाकडे वळताच तो बहुतांशी पुरुषाच्या हाती देतात आणि पुरुषाची बुद्धी श्रेष्ठ ठरवितात. अमेरिकी लेखिका ॲन्टोनेट ब्राउन ब्लॅकवेल यांनी १८७५ मध्ये ग्रंथ लिहून या एकांगी मांडणीचा प्रतिवाद केला. स्त्रियांना शिक्षणाची दारेच बंद असताना केलेली ही तुलना न्याय्य नव्हती. काळाचे पूर्वग्रह थोर निरीक्षकालाही चुकले नाहीत.

मात्र, पुरुषी हिंसेचे समर्थन करण्यासाठी डार्विन यांचा आधार घेणाऱ्यांनी तोच ग्रंथ पुरता वाचावा. सहानुभूती, परस्परसाहाय्य आणि सदसद्विवेक याही उत्क्रांतीच्याच देणग्या आहेत, असे त्यात विस्ताराने मांडले आहे. एखादी प्रवृत्ती कशी उद्भवली हे सांगणे म्हणजे ती योग्य ठरविणे नव्हे.

१८ एप्रिल १८८२ रोजी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत डार्विन यांचे एक टिपण वाचण्यात आले. सर्व आक्षेप तपासूनही लैंगिक निवडीवरील आपला विश्वास अढळ असल्याचे त्यांनी त्यात नमूद केले होते. दुसऱ्याच दिवशी, १९ एप्रिलला, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांचा हा विचार दीर्घकाळ उपेक्षित राहिला. १९३० मध्ये रोनाल्ड फिशर यांनी त्याला आनुवंशशास्त्राची जोड दिली. १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी, अपत्यसंगोपनाचा अधिक भार ज्याच्यावर, तो जोडीदार निवडताना अधिक चोखंदळ, असे सूत्र मांडले. आज प्राण्यांमधील मादीची निवड ही प्रयोगांनी पडताळलेली बाब आहे. माणसाच्या बाबतीत मात्र निसर्गाचा वाटा किती आणि संस्कारांचा किती, याचा शोध अद्याप सुरूच आहे.