शेवटच्याचा पहिला नंबर

२०१७ च्या एप्रिलमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट आमच्या फिलाडेल्फियात भरला होता. सिनेमातला रॉकी आर्ट म्युझियमच्या ज्या पायऱ्यांवर धावत चढतो, तिथेच भलंमोठं स्टेज घातलं होतं आणि समोर पार्कवेवर तुफान गर्दी. मला अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण मुलाच्या हट्टापायी गेलो. पहिल्याच नंबरला क्लीव्हलंड ब्राउन्सने माइल्स गॅरेट नावाचा धिप्पाड खेळाडू उचलला. मी मुलाला सहज विचारलं, की क्लीव्हलंडचा संघ एवढा जबरदस्त आहे का, म्हणून त्यांना पहिला मान? तो खो खो हसला. म्हणाला, बाबा, उलट आहे. आदल्या मोसमात सोळापैकी एकच सामना जिंकले, सगळ्यात शेवटचे आले, म्हणून त्यांचा नंबर पहिला.

मी चाटच पडलो. आमच्या लहानपणी गल्लीतल्या क्रिकेटचा कायदा होता, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग! आणि इथे, भांडवलशाहीच्या माहेरघरात, हरणाऱ्याला आधी वाढायचं? हे कोणाच्या डोक्यातून निघालं असेल, या कुतूहलापोटी वाचायला लागलो आणि चक्क आपल्याच गावचा माणूस सापडला. त्याचं नाव बर्ट बेल.

बर्टचा जन्म २५ फेब्रुवारी १८९५ चा, फिलाडेल्फियातल्या बड्या घरातला. पाळण्यातलं नाव डी बेनव्हिल बेल. एवढं भारदस्त नाव त्याला स्वतःलाच झेपलं नाही, त्याने ‘बर्ट’ करून टाकलं. वडील नामांकित वकील, पुढे पेनसिल्व्हेनियाचे ॲटर्नी जनरल झाले. भाऊ तर १९४७ मध्ये एकोणीस दिवसांसाठी का होईना, राज्याचा गव्हर्नर होता. बर्ट मात्र आपल्याकडच्या भाषेत वाया गेलेला. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात तो शिकायला गेला असं म्हणण्यापेक्षा खेळायला गेला असं म्हणू. १९१७ च्या रोझ बोलमध्ये तो पेनचा क्वार्टरबॅक होता. सामना ओरेगनने जिंकला. मग पहिलं महायुद्ध, फ्रान्समध्ये लष्करी हॉस्पिटलच्या तुकडीत नोकरी, परत आल्यावर कॉलेजात कोचिंग आणि रिट्झ-कार्ल्टन हॉटेलात काम. बाकी वेळ घोड्यांची शर्यत, पत्ते आणि दारू. १९२९ साली शेअर बाजार कोसळला तेव्हा याचेही पैसे बुडाले.

त्याला माणसात आणलं ते फ्रान्सिस अप्टन या ब्रॉडवेच्या नटीने. लग्न करायचं तर दारू सोड, अशी तिची अट होती, आणि या गड्याने खरंच सोडली. १९३३ मध्ये फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स या दिवाळ्यात निघालेल्या संघाचे हक्क बर्ट आणि त्याचा मित्र लड रे यांनी घेतले, त्यालाही तिनेच पैसे उसने दिले असं सांगतात. मंदीतून वर येण्यासाठी रूझवेल्ट सरकारने जी योजना काढली होती, तिच्या चिन्हावर निळा गरुड होता. त्यावरून संघाचं नाव पडलं ईगल्स. आज आपली पोरं ज्यांचे हिरवे जर्सी घालून भर थंडीत ओरडतात, तेच हे ईगल्स.

पण तेव्हाचे ईगल्स म्हणजे नुसती रड होती. आणि याचं कारण फक्त खेळ नव्हता, पैसा होता. त्या काळी कॉलेजातून बाहेर पडणारा खेळाडू कुठेही जायला मोकळा असायचा. साहजिकच तो जास्त पैसे देणाऱ्याकडे किंवा जिंकणाऱ्याकडे जायचा. शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स, ग्रीन बे पॅकर्स अशा दोन-चार संघांकडे चांगले खेळाडू, म्हणून त्यांच्याकडे प्रेक्षक, म्हणून तिकिटांचे पैसे, म्हणून पुन्हा चांगले खेळाडू. उरलेल्यांचं चक्र नेमकं उलटं फिरायचं. १९३५ साली मिनेसोटाच्या स्टॅन कोस्टका नावाच्या खेळाडूवरून संघांमध्ये चढाओढ लागली. त्यात बर्टही होता. कोस्टका शेवटी ब्रुकलिनच्या संघाकडे गेला, पाच हजार डॉलर्सला असं म्हणतात. मंदीच्या काळातले पाच हजार!

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मालकांच्या बैठकीत बर्ट उभा राहिला. त्याचं म्हणणं असं, की साखळी ही तिच्या सगळ्यात कच्च्या कडीइतकीच मजबूत असते आणि ती कच्ची कडी मी आहे. तेव्हा मोसम संपला की कॉलेजातल्या खेळाडूंची एक यादी करू. शेवटी आलेला संघ पहिला निवडेल, विजेता सगळ्यात शेवटी. ज्याने निवडलं, त्यानेच त्या खेळाडूशी बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये पडायचं नाही.

मला कौतुक वाटतं ते बेअर्सच्या जॉर्ज हॅलसचं आणि जायंट्सच्या टिम माराचं. त्यांच्या पानात आधीच पुरणपोळी होती, तरी त्यांनी हो म्हटलं. एकटा श्रीमंत संघ खेळणार कोणाशी? समोरचा बुडाला तर आपलंही दुकान बंद, हे त्यांना कळत होतं. पण खरं सांगायचं तर हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं असं, की ड्राफ्टमुळे चढाओढच संपली आणि खेळाडूला गिऱ्हाईक उरलं एकच. तो संघ देईल ते घ्यायचं, नाहीतर घरी बसायचं. दुबळ्या संघाला न्याय मिळाला, पण त्याची किंमत बावीस वर्षांच्या पोराने भरली. बर्टच्या आयुष्याकडे बघताना ही गोष्ट मला सोडून देता येत नाही.

पहिला ड्राफ्ट झाला ८ फेब्रुवारी १९३६ ला, फिलाडेल्फियाच्याच रिट्झ-कार्ल्टनमध्ये, जिथे बर्टने उमेदीची वर्षं काढली होती. ना स्टेज, ना टीव्ही. एका खोलीत फळ्यावर नव्वद नावं लिहिलेली आणि नऊ संघांची माणसं. ईगल्स शेवटचे, म्हणून पहिला नंबर बर्टचा. त्याने निवडला शिकागो युनिव्हर्सिटीचा जे बर्वँगर, पुढे हाइझमन ट्रॉफी म्हणून गाजलेल्या बक्षिसाचा पहिला मानकरी. आणि मंडळी, नशीब बघा. बर्वँगरने जे पैसे मागितले ते बर्टच्या खिशाला परवडेनात. त्याने हक्क हॅलसला देऊन टाकले, तर तिथेही जमलं नाही. देशातला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. तो नोकरीला लागला आणि पुढे फोम रबरच्या धंद्यात रमला. त्या वर्षी निवडलेल्या नऊपैकी एकही खेळाडू ईगल्सच्या हाती लागला नाही. ज्याने पंगत मांडली तोच उपाशी!

पुढचा मोसम ईगल्सने बारापैकी अकरा सामने हरून साजरा केला. तोवर भागीदार कंटाळले होते. संघ लिलावात निघाला, तो बर्टने साडेचार हजार डॉलर्सला एकट्याने घेतला. मालक तोच, कोच तोच, तिकीटं विकणाराही तोच. पाच वर्षांत त्याने कोच म्हणून दहा सामने जिंकले आणि चव्वेचाळीस हरले. १९४१ पर्यंत अशा उलाढाली झाल्या, की त्याने ईगल्स सोडले आणि पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये आर्ट रूनीचा भागीदार झाला. तिथेही फार काही उजेड पडला नाही. पण ईगल्स १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षं विजेते झाले, तेव्हा संघ त्याचा राहिला नव्हता.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरं नाही. १९३४ ते १९४५ या काळात या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, आणि बर्ट त्या मालकांपैकीच एक होता. सगळ्यांना समान संधी देणाऱ्या त्या फळ्यावर काही नावं लिहिलीच जात नव्हती.

जानेवारी १९४६ मध्ये तो लीगचा कमिशनर झाला आणि कचेरी शिकागोहून उचलून बाला किनविडला आणली. हो, तेच आपलं बाला किनविड! राहायला जवळच नार्बर्थला. घरच्या टेबलावर डॉमिनोच्या सोंगट्या मांडून तो सगळ्या लीगचं वेळापत्रक लावायचा. त्यातही मेख होती. सुरुवातीच्या आठवड्यांत तो दुबळ्यांची गाठ दुबळ्यांशी आणि बलाढ्यांची बलाढ्यांशी घालायचा, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत कोणाचीच आशा मावळत नसे. कुठल्याही रविवारी कुठलाही संघ कुठल्याही संघाला हरवू शकला पाहिजे, हे त्याचं पालुपद होतं.

त्याच सुमारास प्रतिस्पर्धी लीग निघाली आणि चार वर्षं खेळाडूंचे पगार भराभर वाढले. १९४९ च्या शेवटी तह झाला, ब्राउन्स, फोर्टी-नाइनर्स आणि कोल्ट्स एनएफएलमध्ये आले आणि खेळाडूंच्या हातातला दुसरा पर्याय गेला. टीव्ही आला तेव्हा घरच्या मैदानावरचा सामना त्या गावात दाखवायचा नाही, हा नियम बर्टने कोर्टात लढून १९५३ मध्ये टिकवला. पण १९५७ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की फुटबॉललाही मक्तेदारीविरोधी कायदा लागू आहे. मग त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे बर्टने, मालकांना न विचारताच, खेळाडूंच्या संघटनेला मान्यता देत असल्याचं जाहीर केलं. मालक चिडले. मला तो उशिरा सुचलेला शहाणपणा वाटतो, पण निदान सुचला.

ड्राफ्टचं पुढे काय झालं? १९७६ मध्ये एका कोर्टाने तो बेकायदेशीर ठरवला. नंतर संघटनेशी करार करून तो नीट बसवला गेला. टीव्हीचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटण्याची पद्धत १९६१ पासून आली, तर १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती साडेतीन कोटी डॉलर्सच्या आसपास होती. आपल्या आयपीएलनेही २००८ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाला पन्नास लाख डॉलर्सची मर्यादा घातली होती. त्याच वर्षी अंडर-नाइन्टीनच्या पोरांसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. त्यात दिल्लीने आपल्या गावच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगलोरला गेला! नियम फक्त आधी हात घालायची संधी देतो. क्लीव्हलंडचंच बघा ना, गॅरेटला घेतलं त्या २०१७ च्या मोसमात त्यांनी सोळाच्या सोळा सामने हरून दाखवले.

बर्टला हे काहीच बघायला मिळालं नाही. ११ ऑक्टोबर १९५९, रविवार. फ्रँकलिन फील्डवर ईगल्स विरुद्ध स्टीलर्स, म्हणजे त्याने आयुष्यात मालकी केलेले दोन्ही संघ समोरासमोर. हे मैदान त्याच्याच जन्मवर्षी, १८९५ मध्ये सुरू झालेलं. कॉलेजात असताना तो इथेच खेळला होता. कमिशनर असूनही तो सामान्य प्रेक्षकांत बसला होता. सामन्याची शेवटची काही मिनिटं उरली होती, तेव्हा त्याला हार्ट ॲटॅक आला आणि तिथेच तो कोसळला. चौसष्ट वर्षांचा होता. ईगल्स तो सामना २८-२४ असा जिंकले.